जीपगाडीचा कणा : गंजलेल्या चासीची दुरुस्ती आणि जपणूक
(वाहनमालक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्याची माती लाल आहे, कारण तिच्यात लोह आहे. डिचोली, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांच्या डोंगरांत सापडणारे लोहखनिज आणि जुन्या लोखंडावर चढणारा गंज ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील द्रव्ये होत. दोन्हींत लोह आणि प्राणवायू यांचा संयोग झालेला असतो. मनुष्य भट्टीत प्रचंड उष्णता खर्च करून खनिजातला प्राणवायू काढून टाकतो आणि पोलाद मिळवतो. त्या पोलादाला हवा आणि पाणी यांचा सहवास लाभला, की ते पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे, म्हणजे मातीकडे, परतू लागते. या परतीच्या प्रवासालाच गंज म्हणतात. तो कायमचा रोखणे कोणाच्याही हाती नाही. तो लांबवणे मात्र हाती आहे; आणि ज्या पोलादावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, त्याच्या बाबतीत ते कर्तव्यच ठरते.

असे एक पोलाद ग्रामीण भागातील शेकडो माणसांना रोज वाहून नेते आणि तरीही त्याच्याकडे कोणाची दृष्टी जात नाही. ते पोलाद म्हणजे जुन्या जीपगाडीचा सांगाडा; गॅरेजमध्ये ज्याला ‘चासी’ म्हणतात तो.

जीप आणि डोंगरी गावे

जीप हे वाहन दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य होय. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्धासाठी जन्मलेले हे वाहन शांततेच्या काळात शेतकऱ्याचे सोबती झाले. भारतात १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपच्या जुळणीस प्रारंभ केला, आणि त्याच घराण्यातील गाड्या पुढे अनेक दशके या देशात तयार होत राहिल्या. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळत असल्यामुळे चिखल, चढ आणि ओहोळ यांची या गाडीला फारशी तमा नसे. सह्याद्रीच्या कुशीतील सत्तरी, सांगे, काणकोण, पलीकडचा खानापूर तालुका, उत्तरेकडील सावंतवाडीचा मुलूख अशा भागांत ती घरोघरच्या ओळखीची झाली. कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या आजही वाटेतील प्रवाहांतून पाणी कापीत जातात.

सत्तरीतील एखाद्या कुळागराच्या मालकाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. त्याची जीप पस्तीस वर्षांची आहे. सुपारी आणि नारळ तीतूनच उतरतात. जत्रेच्या वेळी देवळाचे सामान तीतूनच जाते. पावसाळ्यात ओहोळाला पाणी चढले, की वाड्यावरची पाच-सहा मुले तीत बसून शाळेला जातात, आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर वाळपईच्या रुग्णालयाची वाटही तीच धरते. या गाडीचे इंजीन दोनदा उघडले गेले, टायर कितीदा तरी बदलले, गेल्या दिवाळीत तिला हिरवा रंगही दिला. परंतु इतक्या वर्षांत गाडीखाली आडवे होऊन तिची चासी कोणी निरखून पाहिलेली नाही. अशी गाडी प्रत्येक गावात एखादी तरी आढळेल.

चासी म्हणजे काय

जीपची बॉडी आणि तिची चासी या दोन भिन्न वस्तू होत. बॉडी म्हणजे पत्र्याची पेटी. ती बोल्टांनी चासीवर बसवलेली असते. चासी म्हणजे गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या दोन पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजीन, गिअरपेटी, स्टिअरिंगची पेटी, पाटे आणि पाट्यांमार्फत चाके ही सर्व या सांगाड्यालाच धरून असतात. बॉडीचा पत्रा गंजून भोक पडले तर पाऊस आत येतो, बूट भिजतात, हानी तेवढीच. चासी गंजली तर चाक आणि गाडी यांचे नातेच तुटू शकते. म्हणून बॉडीचा गंज हा शोभेचा प्रश्न आहे आणि चासीचा गंज हा जीविताचा प्रश्न आहे.

तुळईवर भार कसा पडतो हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. दोन दगडांवर बांबू ठेवून त्याच्या मध्यावर माणूस उभा राहिला, की बांबू वाकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या भागाला त्या मानाने कमी कष्ट पडतात. चासीच्या तुळईचेही तसेच आहे. तिच्या वरच्या आणि खालच्या कडा सर्वाधिक भार सोसतात. त्यामुळे त्या कडांना पडलेले लहानसे भोक, त्यांवर घेतलेला छेद किंवा आडवा मारलेला वेल्डिंगचा जोड तुळईला फार महाग पडतो. पत्रा मुळात जाड नसतो. तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा गंजून दोन मिलिमीटर उरला, तर एक-तृतीयांश धातू मातीला मिळाला असे समजावे.

गंज कोठे आणि का धरतो

गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. शाळेतील शिक्षकांना हे चार परीक्षानळ्यांच्या साहाय्याने सहज दाखवता येईल. पहिल्या नळीत कोरडा खिळा ठेवून हवेतील ओल शोषणारा पदार्थ घालावा आणि बूच लावावे. दुसरीत उकळून निववलेल्या पाण्यात खिळा बुडवून वर तेलाचा थर द्यावा. तिसरीत साधे पाणी घालावे आणि चौथीत मिठाचे पाणी. आठवड्याभरात पहिले दोन खिळे बहुतांशी स्वच्छ राहिलेले दिसतील, तिसरा तांबूस झालेला दिसेल आणि चौथ्यावर गंजाची खपली धरू लागलेली असेल. मीठ स्वतः गंज निर्माण करीत नाही. पण पाण्यातून वीज वाहणे ते सुकर करते, आणि गंजाची क्रिया ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहांचीच क्रिया असल्यामुळे तिला वेग येतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो, पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस ओलीचिंब असते आणि किनाऱ्याकडून खारा वारा येतो. परीक्षानळीतील चौथा खिळा आणि किनाऱ्यालगतची जीप यांची स्थिती फारशी निराळी नाही.

दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, मग जीपच का गंजते, अशी शंका काहींच्या मनात येईल. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. शिवाय स्तंभ भरीव आहे आणि त्यावर पाणी साचत नाही. जीपच्या चासीला यांपैकी एकही भाग्य लाभलेले नाही. तिच्या तुळया काही ठिकाणी पेटीसारख्या बंद आहेत. त्यांत चिखल, वाळू, पालापाचोळा शिरतो. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजतात आणि आत साठलेली ओल उन्हाळ्यातही सुकत नाही. यामुळेच चासी आतून बाहेर गंजत येते. बाहेर रंग शाबूत आणि आत पोकळी, अशी तिची अवस्था होते.

तपासणीच्या वेळी पुढील जागा विशेष काळजीने पाहाव्यात. पहिली जागा म्हणजे पाटे ज्या हँगरला आणि शॅकलला अडकवलेले असतात तो भाग, त्यातही मागील बाजूचा. कारण मागच्या चाकांनी उडवलेला सर्व चिखल तेथेच बसतो. दुसरी म्हणजे आडवे दांडे आणि लांब तुळया यांचे सांधे, जेथे दोन पत्रे एकावर एक आलेले असतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो अशा सांध्यात फुगतो आणि रिव्हेटने बसवलेले पत्रेही एकमेकांपासून दूर ढकलतो. तिसरी जागा बॉडीखालील रबरी अथवा नमद्याच्या गाद्यांची. त्या ओल धरून ठेवतात. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची जागा स्टिअरिंगची पेटी बसवलेल्या तुळईची. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत टोपल्यांतून गळणारे खारे पाणी ज्या वाटेने खाली उतरते, ती वाटही शोधून काढावी.

हातोडीची साक्ष

डोळा रंगाला फसतो, कान सहसा फसत नाही. गाडी धुऊन सुकल्यावर लहान हातोडीने तुळईवर वीत-वीत अंतरावर हलके ठोके मारीत जावे. निकोप पोलाद खणखणीत नाद देते. गंजलेला पत्रा भरड्या मडक्यासारखा बद्द बोलतो. जेथे नाद बदलतो, तेथे खडूने खूण करावी आणि टोकदार टोच्याने दाबून पाहावे. टोच्या आत घुसला, तर शंकेला जागा उरत नाही. यानंतर एकाने उभ्या गाडीचे स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने ती पेटी बसवलेली तुळई न्याहाळावी. स्टिअरिंग फिरवताना चाकाआधी तुळईच हलत असेल किंवा तिच्यावरील रंगात केसासारखी भेग दिसत असेल, तर ती गाडी त्या क्षणापासून रस्त्यावर आणू नये. गाडी एका बाजूस ओढत असणे, खड्ड्यातून जाताना करकरणे, टायर एकाच कडेने झिजणे ही लक्षणेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत.

सत्तरीतील त्या कुळागराच्या मालकाने अशी तपासणी केली असे समजू या. मे महिन्याचा तिसरा आठवडा आहे. डाव्या मागील हँगरच्या वर हातोडी बद्द बोलते आणि टोच्या सहज आत जातो. मृग दोन आठवड्यांवर आला आहे, घरात लग्नाची धावपळ आहे आणि शाळा लवकरच उघडणार आहेत. त्याच्यापुढे दोन मार्ग उभे राहतात.

सोपा मार्ग आणि खरा मार्ग

पहिला मार्ग एका दुपारचा आहे. गंजलेल्या भागावर एक पत्रा ठेवायचा, चारही बाजूंनी वेल्डिंग मारायचे, वर काळा रंग फासायचा आणि संध्याकाळी गाडी घरी न्यायची. बहुतेक ठिकाणी हेच केले जाते आणि हेच सर्वांत घातक असते. वेल्डिंगचा जोड धरण्यासाठी दोन्ही बाजूंना निकोप धातू हवा. गंजावर मारलेला जोड दिसतो जोडासारखा, पण त्याच्या पोटात छिद्रे आणि मळी असते. शिवाय जुना गंजका पत्रा आणि नवा पत्रा यांच्या फटीत ओल कायमची कोंडली जाते, आणि आतला गंज पूर्वीपेक्षा अधिक वेगाने पसरतो. उघडा गंज निदान दिसतो, मालकाला सावध ठेवतो. झाकलेला गंज मालकाला निर्धास्त करतो. म्हणूनच न केलेल्या दुरुस्तीपेक्षा खोटी दुरुस्ती अधिक वाईट असते.

दुसरा मार्ग आठ-दहा दिवसांचा आहे. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : निकोप धातू लागेपर्यंत कापत जावे आणि मगच जोडावे. त्यातील पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

प्रथम सुरक्षितता. बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. जुन्या आखूड जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. ती उतरवून कामाच्या जागेपासून दूर न्यावी. रिकामी टाकी निर्धोक असते ही समजूत चुकीची आहे. टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने स्फोट घडवू शकते. वाळूच्या व पाण्याच्या बादल्या जवळ ठेवाव्यात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात.

दुसरी पायरी मापांची. घोड्या अशा लावाव्यात की कापलेला भाग स्वतःच्या भाराने खाली झुकणार नाही. त्यानंतर चासीवरील समोरासमोरच्या ठरावीक बिंदूंपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि त्या खुणांमधील कर्ण मोजावेत. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हा भूमितीचा पाठ येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. एक कर्ण दुसऱ्याहून मोठा आढळला, तर चासी तिरकी झाली आहे असे समजावे. कापण्यापूर्वी, जोडताना आणि जोडल्यावर अशी तीनदा मापे घ्यावीत आणि कागदावर लिहून ठेवावीत.

तिसरी पायरी सफाईची. छिन्नी, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर यांनी खपल्या काढून चकाकता धातू उघडा करावा. वाळूच्या झोताने सफाई करण्याची सोय जवळ असेल तर उत्तमच. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी हवी. जुन्या शेंदरी रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ विषारी असते.

चौथी पायरी कापण्याची. गंजाच्या दिसणाऱ्या कडेपासून दोन बोटे पुढे, निकोप धातूत, छेद घ्यावा. कापलेल्या खिडकीचे कोपरे चौकोनी न ठेवता गोलसर करावेत, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच पुढे भेग निघते. भोक उघडल्यावर आतील माती, वाळू आणि खपल्या पूर्ण बाहेर काढाव्यात. पुष्कळदा या वेळी आतून ओंजळभर लाल माती निघते. ती माती म्हणजे त्या तुळईचाच झडून गेलेला भाग असतो.

पाचवी पायरी ठिगळाची. नवा पत्रा मूळ पत्र्याच्याच जाडीचा, बांधकामाच्या साध्या पोलादाचा असावा. अधिक जाड लोखंड लावले म्हणजे अधिक बळकटी आली, हा भ्रम आहे. गोधडीला गोणपाटाचे ठिगळ लावले तर ठिगळ टिकते, पण गोधडी ठिगळाच्या कडेने फाटते. चासीही तशीच जाड पट्टीच्या कडेला तडकते, कारण पट्टी वाकत नाही आणि सगळा ताण तिच्या टोकाशी येऊन थांबतो. पत्रा वर चढवून न लावता कापलेल्या खिडकीत बरोबर बसेल असा घडवावा, कडांना कानशीने उतार द्यावा आणि जोड आतपर्यंत पोचेल इतकी बारीक फट ठेवावी. तुळईचा पूर्ण तुकडाच बदलायचा असेल, तर सांधा सरळ उभा न ठेवता तिरपा ठेवावा आणि आतून आधाराची पट्टी द्यावी. त्या पट्टीची टोकेही निमुळती असावीत. तुळईच्या वरच्या व खालच्या कडांना नवे भोक पाडू नये.

सहावी पायरी वेल्डिंगची. आधी टाके मारून पत्रा बसवावा, मापे पुन्हा पाहावीत आणि मगच जोड पूर्ण करावा. तोही एका दमात न मारता थोडा एका बाजूस, थोडा दुसऱ्या बाजूस असा. नाहीतर उष्णतेने तुळई ओढली जाते. अर्थिंगची पकड जोडाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे वीज चाकांच्या बेअरिंगमधून वाहून त्यांना इजा करणार नाही. वेल्डिंगचे रॉड कोरडे हवेत. कोकणातल्या हवेत उघडे पडलेले रॉड ओल शोषतात आणि मग जोडात छिद्रे पडतात. जस्त चढवलेला पत्रा वेल्डिंगने तापवल्यास त्याचा धूर बाधतो, तो टाळावा. कारखान्याने जेथे रिव्हेट वापरले आहेत, तेथे रिव्हेट अथवा घट्ट बसणारे उच्च प्रतीचे बोल्ट वापरावेत. सांध्याला मुरड घेता यावी म्हणूनच तेथे रिव्हेट योजलेले असतात. वेल्डिंगने तो सांधा ताठ होतो आणि बाजूला तडकतो.

सातवी पायरी संरक्षणाची. दमट हवेत उघडे पोलाद काही तासांतच तांबूस होऊ लागते, म्हणून सफाई झालेल्या भागावर त्याच दिवशी प्राइमर द्यावा. त्यासाठी झिंक फॉस्फेटचा प्राइमर योग्य. त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. बंद तुळईच्या आत मेणासारखा गंजरोधक द्रव लांब नळीने फवारावा. बाहेरचा रंग आत पोचत नाही, आणि गंजाची सुरुवात तर आतूनच होते. इंजिनाचे जळके तेल चासीला फासण्याची जुनी चाल सोडून द्यावी. पहिल्याच ओहोळात ते धुऊन निघते आणि ज्या पाण्यावर गाव जगतो त्या पाण्यात मिसळते. शेवटी, पाणी निघून जाण्याची मूळ भोके उघडी आहेत याची खात्री करावी.

हे सर्व काम प्रत्येक खेड्यात होईलच असे नाही. सफाई, मापे, रंग आणि देखभाल ही कामे मालकाने स्वतः करावीत. परंतु चासीवरील वेल्डिंग प्रशिक्षित आणि अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यासक्रम शिकवला जातो. असे शिक्षण घेतलेले तरुण गावोगावी आहेत. त्यांच्या कौशल्याला अशा कामातून योग्य मोल मिळावे.

केव्हा थांबावे

प्रत्येक चासी वाचवता येत नाही आणि वाचवण्याचा हट्टही धरू नये. दोन्ही तुळया अनेक ठिकाणी गंजलेल्या असतील, स्टिअरिंगची आणि पाट्यांची अशा दोन्ही जागा निकामी झाल्या असतील, किंवा निकोप धातू शोधता शोधता छेद पुढेच सरकत असेल, तर ठिगळ लावण्यासारखे वस्त्रच उरलेले नाही असे समजावे. अशा वेळी संपूर्ण चासी बदलणे किंवा गाडीला निवृत्त करणे हे दोनच प्रामाणिक पर्याय राहतात.

येथे कायद्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. चासीवर कोरलेला क्रमांक ही वाहनाची ओळख होय आणि तो नोंदणीच्या कागदपत्रांत नमूद असतो. क्रमांक असलेला भाग कापायचा असेल किंवा चासीच बदलायची असेल, तर हातात ग्राइंडर घेण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याकडे जावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते; त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी नूतन करावी लागते. भाड्याने चालणाऱ्या वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते आणि वाहन आठ वर्षांहून जुने झाल्यावर ते दरवर्षी घ्यावे लागते. शासकीय मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण, संरक्षण व कायदा-सुव्यवस्था यांसाठीची विशेष वाहने वगळता, १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. निवृत्त वाहनाची विल्हेवाट लावण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रांची तरतूद आहे. तेथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रामुळे आपल्या वाहनाचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या गाडीवर चढण्याची भीती राहत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी चासीला काळा रंग फासून आणण्याची प्रथा मालकांनी सोडावी, आणि ताजा रंग दिसताच तपासनीसाने हातोडी मागवावी. रंग पाहून दिलेले प्रमाणपत्र हे केवळ कागद ठरते. हातोडीचा नाद ऐकून दिलेले प्रमाणपत्र त्या गाडीत बसणाऱ्या मुलांसाठी अभय असते.

वर्षाचे वेळापत्रक

चासी गंजू न देणे हे तिच्या दुरुस्तीहून कितीतरी सोपे आहे. त्यासाठी शेतकऱ्याच्या पंचांगातच तीन दिवस मुक्रर करावेत. पहिला दिवस मृगापूर्वी : गाडीखालचा भाग स्वच्छ धुवावा, भोके तारेने मोकळी करावीत, रंग उडालेल्या जागा घासून त्यांना प्राइमर द्यावा. दुसरा दिवस भर पावसात, चतुर्थीच्या सुमारास : सांध्यांत साठलेला चिखल गोड्या पाण्याने काढावा. गाडी वाळूत किंवा खाऱ्या पाण्याजवळ गेली असेल, तर ही धुलाई त्याच दिवशी व्हावी. तिसरा दिवस पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास : गाडी पूर्ण सुकवून हातोडी फिरवावी आणि ज्या जागी शंका वाटेल ती वहीत लिहून ठेवावी. गाडी उभी करताना ती गवतावर किंवा ओल्या मातीवर न ठेवता चिऱ्याच्या अथवा सिमेंटच्या फरशीवर, वारा खेळेल अशा जागी ठेवावी.

त्या कुळागराच्या मालकापुढील प्रश्नाचे उत्तर आता स्पष्ट आहे. एका दुपारचा मार्ग त्याला लग्नाच्या दिवशी गाडी देईल; पण श्रावणात ओहोळ ओलांडताना, पाच-सहा मुले मागे बसलेली असताना, ती गाडी चाकाशी इमान राखील याची हमी देणार नाही. आठ-दहा दिवसांचा मार्ग त्याला शेजाऱ्याची गाडी मागायला लावील, चार कामे खोळंबवील, खर्चही अधिक करायला लावील. त्याच्या मोबदल्यात मृगाच्या पहिल्या सरीला जी गाडी अंगणातून बाहेर पडेल, तिच्या कण्यावर विसंबून राहता येईल.

दसऱ्याला वाहनाची पूजा करण्याची आपली परंपरा आहे. त्या दिवशी गाडी धुतली जाते, बॉनेटवर झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. ज्या साधनावर संसार चालतो त्याच्याविषयी कृतज्ञता बाळगावी, हा त्या पूजेचा अर्थ. त्या दिवशी माळ चढवण्यापूर्वी मालकाने हातोडी घेऊन घटकाभर गाडीखाली आडवे व्हावे आणि तिच्या कण्याचा नाद ऐकावा. त्याने पूजेत काही उणे पडणार नाही.